वाताचें नांव एक, दुखणीं अनेक

श्रोतेहो, 'वात' हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे कीं, तो उच्चारतांना आपण एकाच रोगाचें नांव घेत आहों असें आपल्याला वाटतें. आजीचे गुडघे कुरकुरूं लागले, तर तो वात. तरण्या सुनेचीं बोटें सकाळीं सुजूं लागलीं, तर तोही वात. मध्यरात्रीं एखाद्या गृहस्थाच्या पायाच्या आंगठ्याची आग होऊं लागली, तरी वातच. आणि दहा वर्षांच्या मुलाचा आज गुडघा व उद्यां घोटा दुखूं लागला, तर त्यालाही वाताचें तेल चोळलें जातें. नांव एक असल्यामुळें उपायही एकच करण्याकडे मनाचा कल होतो. वस्तुतः या चौघांना चार निरनिराळे रोग आहेत. त्यांचीं कारणें निराळीं, औषधें निराळीं, आणि हयगय केल्यास होणारें नुकसानही निराळें. म्हणून 'वाताला औषध काय?' हा प्रश्न विचारण्यापूर्वीं 'हा वात कोणता?' हा प्रश्न विचारला पाहिजे. आजच्या भाषणाचें सार एवढेंच आहे.

हा भेद आपल्या पूर्वजांना अगदींच अपरिचित नव्हता. चरकसंहितेंत वातरक्ताचा विचार स्वतंत्रपणें केलेला आहे, आणि माधवनिदानांत आमवाताचें वर्णन वेगळें दिलेलें आहे. आजचें वैद्यक सांध्यांचे व त्यांच्या भोंवतालच्या भागांचे शंभराहून अधिक विकार ओळखतें. हीं दुखणीं शहरांतील बैठ्या व सुखवस्तु लोकांचीं, असा एक समज पूर्वीं होता. १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली, तेव्हां सुमारें अठरा टक्के लोकांना हाडें, सांधे किंवा स्नायु यांचें कांहीं ना कांहीं दुखणें असल्याचें दिसून आलें. त्यांत झिजेचा संधिवात व स्नायूंचीं साधीं दुखणीं यांचाच भरणा होता; सांध्यांचा नाश करणारा आमवात दोनशें माणसांत सुमारें एकाला होता. ही संख्या लहान वाटते खरी. परंतु दोन हजार प्रौढांच्या गांवांत अशीं दहा माणसें निघतील, आणि तीं दहा माणसें इतर शेंकडों दुखणाऱ्यांच्या गर्दींत हरवून जातील. त्यांना वेळींच हुडकून काढणें हें खरें काम आहे.

प्रथम सांध्याची रचना थोडक्यांत पाहूं. दोन हाडें जेथें एकत्र येतात, तेथें त्यांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. सभोंवार एक पिशवी असून तिच्या अस्तरांतून वंगणासारखा द्रव पाझरत असतो. कूर्चा झिजली तर एक रोग होतो, अस्तर सुजलें तर दुसरा, द्रवांत क्षाराचे स्फटिक जमले तर तिसरा, आणि त्यांत जंतु शिरले तर चौथा. दुखतो तो सांधाच. पण आंत बिघाड कोठें झाला आहे, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें.

हा बिघाड ओळखण्यासाठीं घरच्या घरीं चार प्रश्न विचारतां येतात. सांधा नुसता दुखतो कीं सुजलाही आहे? एकच सांधा दुखतो कीं अनेक, आणि ते कोणते? सकाळीं उठल्यावर सांधे आखडलेले असतात ते किती वेळ? आणि दुखणें विश्रांतीनें कमी होतें कीं हालचालीनें? या चार उत्तरांनीं निदान पुरें होत नाहीं, परंतु त्याची दिशा निश्चित होते. हीं उत्तरें एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेलीं, तर अर्धें काम झालेंच म्हणून समजावें.

सर्वांत अधिक आढळणारा प्रकार झिजेचा. त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. तो बहुधा पन्नाशीच्या सुमारास सुरू होतो, स्त्रियांत अधिक दिसतो, आणि त्याचा मुख्य रोख गुडघ्यांवर असतो. जिना उतरतांना किंवा उकिडवें बसून उठतांना गुडघा दुखतो. स्वस्थ बसल्यावर बरें वाटतें. सकाळचा ताठरपणा पाव-अर्ध्या तासांत मोकळा होतो. पुष्कळांच्या बोटांवर, नखांजवळच्या सांध्यांपाशीं, टणक गांठी येतात. ताप नसतो, वजन घटत नाहीं. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी करणाऱ्या आणि वऱ्हाडांत उकिडव्या बसून निंदण करणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांवर वर्षानुवर्षें किती भार पडत असेल, याची कल्पना शहरांतील माणसाला सहसा येत नाहीं.

या रोगांत झिजलेली कूर्चा पूर्ववत् करणारें औषध अद्यापि निघालेलें नाहीं. तरीही पुष्कळ करण्यासारखें आहे. 'गुडघा झिजला, आतां चालणें बंद' ही समजूत सर्वस्वीं चुकीची होय. बसून राहिल्यानें मांडीचे स्नायु दुबळे होतात आणि सगळा भार उघड्या सांध्यावर येतो. खुर्चीवर बसून एक पाय सरळ ताठ करावा, दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरावा, मग खालीं आणावा. असें दोन्ही पायांनीं दहा-दहा वेळां, सकाळ-संध्याकाळ करावें. या साध्या व्यायामाला खर्च कांहीं नाहीं, आणि नेमानें केल्यास त्याचा गुण कांहीं आठवड्यांत दिसूं लागतो. स्थूल माणसाच्या शरीराचें वजन एक किलोनें उतरलें, तर चालतांना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं उतरतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावी. बहुतेक लोक ती नेमकी दुखऱ्या बाजूलाच धरतात. शौचास उंच बैठक असावी, आणि जमिनीवरचीं कामें होतां होईतों पाटावर किंवा स्टुलावर बसून करावींत. एवढें करूनही रात्रीची झोप उडूं लागली व चालणें अशक्य झालें, तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. ती आतां नागपुरांतही सर्रास होते.

दुसरा प्रकार याच्या अगदीं उलट आहे. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे सामान्यतः आमवात म्हणतात, त्यांत शरीराची संरक्षक शक्तिच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो सुमारें तिपटीनें अधिक आढळतो, आणि पुष्कळदां संसाराच्या ऐन भरांत, तिशी-चाळिशींत, सुरू होतो. समजा, एखादी गृहिणी पहाटे उठते. तिची मूठ वळत नाहीं, वेणी घालतां येत नाहीं, भाकरी थापतांना हात टेकवत नाहीं. दहा वाजेपर्यंत बोटें हळूहळू मोकळीं होतात आणि दुपारीं ती सगळीं कामें उरकते. घरचीं माणसें म्हणतात, 'दुपारीं हिचे हात चांगले चालतात, मग सकाळींच कसे दुखतात?' बिचारीच्या माथीं कामचुकारपणाचा आरोप येतो. श्रोतेहो, सकाळीं आखडणें आणि कामानें मोकळें होणें, हेंच तर या रोगाचें मुख्य लक्षण आहे! तासाहून अधिक टिकणारा सकाळचा ताठरपणा, दोन्ही हातांच्या मुठींच्या व बोटांच्या मधल्या सांध्यांवर सारखीच मऊ सूज, आणि ही स्थिति सहा आठवड्यांहून अधिक काळ राहणें, इतकें जुळून आलें कीं तेल चोळीत बसण्याची वेळ संपली असें समजावें.

ही घाई कशासाठीं? अस्तराची सूज पहिल्या कांहीं महिन्यांतच हाडाच्या कडा कुरतडूं लागते. कुरतडलेलें हाड पुन्हां भरून येत नाहीं आणि वांकडीं झालेलीं बोटें औषधानें सरळ होत नाहींत. मात्र पहिल्या तीन-चार महिन्यांत योग्य उपचार सुरू झाले, तर पुष्कळ रुग्णांचा रोग जवळजवळ निद्रिस्त होतो. निदानासाठीं रक्तांतील रुमॅटॉइड फॅक्टर पाहतात. परंतु तो निरोगी माणसांतही कधीं आढळतो, आणि खऱ्या रुग्णांतही कधीं आढळत नाहीं. अँटी-सीसीपी ही चांचणी अधिक विश्वसनीय आहे. तरीही एका कागदावरच्या आंकड्यानें रोग ठरत नाहीं. सुजलेला सांधा बोटांनीं दाबून पाहणारा डॉक्टर तो ठरवितो.

या रोगाचें मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हें होय. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत, आंध्रांत जन्मलेल्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं जें संशोधन चाललें, त्यांतून तें निघालें. प्रथम त्याचा उपयोग कर्करोगावर झाला. १९८० नंतर सांध्यांच्या रोगांत तें सर्वमान्य झालें. या औषधाविषयीं एक गोष्ट कृपा करून लक्षांत ठेवावी: आमवातांत तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें रोज घेतल्यानें प्राणावर बेतल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. घरांत वाराचें नांव लिहून चिठ्ठी लावावी. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड देतात. रक्ताची व यकृताची तपासणी ठराविक काळानें करावी लागते. मद्य वर्ज्य करावें. आणि गर्भारपणांत तें मुळींच चालत नाहीं, म्हणून मूल हवें असल्यास तसें डॉक्टरांना आधींच सांगावें. अलीकडे आणखी प्रभावी, परंतु महाग इंजेक्शनेंही निघालीं आहेत. तीं देण्यापूर्वीं शरीरांत क्षयाचे जंतु दबा धरून बसले नाहींत ना, हें पाहणें आपल्या देशांत अत्यावश्यक आहे.

तिसरा प्रकार गाऊटचा. रात्रीं चांगला झोंपलेला माणूस पहाटे पायाच्या आंगठ्याच्या वेदनेनें जागा होतो. आंगठा लाल, गरम व तुकतुकीत होतो, आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाहीं. हा रोग मुख्यतः पुरुषांचा. स्त्रियांत तो बहुधा पाळी गेल्यानंतर दिसतो. रक्तांतील यूरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत सांचल्यामुळें तो होतो. मौज अशी कीं, ऐन झटक्याच्या वेळीं रक्तांतील यूरिक ॲसिडचें प्रमाण साधारणही निघूं शकतें. म्हणून शंका असेल तेथें सांध्यांतील द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें हाच खात्रीचा मार्ग होय. झटक्यावर वापरलें जाणारें कोल्चिसीन हें द्रव्य पावसाळ्यांत कुंपणावर चढणाऱ्या, ज्वाळेसारख्या फुलांच्या आपल्या कळलावींतही असतें. परंतु तिचा कंद हें जहाल विष आहे. 'झाडपाल्याचें औषध' म्हणून तो घरीं उगाळून देणें म्हणजे मृत्यूला बोलावणें होय. झटके वारंवार येत असतील तर ॲलोप्युरिनॉलसारखें औषध नेमानें, वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. मात्र त्यानें अंगावर पुरळ उठल्यास तें तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावें.

आणखी एक प्रकार तरुणांचा. विशी-पंचविशींतील मुलाची कंबर उत्तररात्रीं दुखते, पहाटे पाठ ताठते, आणि फिरल्यानें मोकळी होते. ओझें उचलल्यामुळें दुखणारी कंबर विश्रांतीनें थांबते. ही विश्रांतीनें वाढते. असें तीन महिन्यांहून अधिक काळ चाललें, तर मणक्यांच्या संधिवाताची तपासणी करून घ्यावी. ती न केल्यास पाठीचा कणा पुढें बांबूसारखा एकसंध होऊं शकतो.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. विदर्भांत सांधे दुखण्याचीं कांहीं कारणें अशीं आहेत कीं, जीं परदेशी ग्रंथांत मागच्या पानांवर असतात. परंतु आपल्या दवाखान्यांत तीं पुढच्या रांगेंत बसलेलीं असतात. त्यांतील एक चिकुनगुनिया. पूर्व आफ्रिकेंतील माकोंडे भाषेंतल्या या शब्दाचा अर्थच 'वांकविणारा' असा आहे. १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें त्याची साथ आली होती; पुढें दीर्घकाळ तो जवळजवळ विस्मृतींत गेला, आणि २००६ सालीं परतला, तेव्हां महाराष्ट्रांतील गांवेंच्या गांवें आंथरुणाला खिळलीं. ताप चार-आठ दिवसांत जातो; सांधे मात्र कित्येकांचे महिनोन् महिने धरून राहतात. बहुतेकांचें हें दुखणें काळानें बरें होतें. परंतु तापाच्या दिवसांत डेंग्यू नाहीं अशी खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरें वेदनाशामक घेऊं नये, कारण डेंग्यूंत त्यामुळें रक्तस्राव होऊं शकतो. आणि तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले राहिले, तर 'साथीचें दुखणें आहे, जाईल' असें म्हणून स्वस्थ बसूं नये.

दुसरें कारण सिकलसेल. मध्य भारतांत हा रक्तदोष आहे, हें १९५८ सालीं नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत मांडलें. विदर्भांतील आदिवासी व इतर अनेक समाजांत तो आढळतो. रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व बारीक वाहिन्यांत अडकतात. मग हाडांना रक्त मिळेनासें होऊन असह्य वेदना होतात. तान्ह्या मुलाचे दोन्ही हात-पाय सुजले, किंवा वीस वर्षांचा तरुण खुब्याच्या दुखण्यानें लंगडूं लागला, तर विदर्भांत सिकलसेलचा विचार आधीं झाला पाहिजे. अशा रुग्णाला वात समजून स्टेरॉइड दिलें, तर उलट वेदनेचा झटका येऊं शकतो. रक्ताच्या साध्या चांचणीनें शंका येते आणि इलेक्ट्रोफोरेसिसनें ती पक्की होते. हायड्रॉक्सियूरिया या औषधानें झटके पुष्कळ कमी होतात.

तिसरें कारण मुलांचें. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं पांच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप येतो, आणि सूज एका सांध्यांतून दुसऱ्यांत हिंडत जाते. सांधे पूर्ण बरे होतात, आईबाप निश्चिंत होतात, आणि तेवढ्यांत हृदयाच्या झडपा बिघडलेल्या असतात. हा संधिवाताचा ताप होय. त्यावर तीन-चार आठवड्यांनीं एक, असें पेनिसिलिनचें इंजेक्शन वर्षानुवर्षें घेतल्यास हृदय वांचतें. याखेरीज कोणत्याही वयांत एकच सांधा एकाएकीं लाल, गरम होऊन थंडी वाजून ताप आला, तर सांध्यांत पू झाल्याची शंका घ्यावी, आणि सकाळची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. अशा वेळीं एका दिवसाच्या विलंबानेंही सांधा कायमचा जाऊं शकतो.

आतां एका धोक्याविषयीं बोललें पाहिजे. नागपूरचें नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आमवातानें जखडलेल्या एका स्त्रीला प्रथमच कॉर्टिसोन दिलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. आपल्या शहरांतील मेयो इस्पितळाशीं त्या संस्थेचा संबंध नाहीं. तेथेंही नांव तेवढें एक! या शोधासाठीं १९५० सालीं हेंच यांना इतर दोघां शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु लवकरच दिसून आलें कीं, हें औषध दीर्घकाळ मोठ्या मात्रेंत घेतल्यास चेहरा सुजतो, रक्तांतील साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात. आज तें जाणत्या डॉक्टरच्या हातीं, थोड्या मात्रेंत व थोडे दिवस, मोलाचें काम करतें. मात्र वातावर 'रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या नांवगांव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदां हेंच स्टेरॉइड लपविलेलें असतें. जिच्यानें दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो व बंद करतांच दुखणें दुपटीनें उसळतें, त्या पुडीचा संशय धरावा. परंतु ती महिनोन् महिने घेतली असल्यास एकाएकीं बंदही करूं नये, तर डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावी. दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही रोज घेतल्यास पोटांत व्रण होतात आणि मूत्रपिंडें निकामी होतात. बिब्बा लावून किंवा डाग देऊन कातडी जळते. आंतला रोग तेथेंच राहतो.

आहाराविषयीं दोन शब्द. आंबट खाल्ल्यानें वात वाढतो म्हणून नागपुरांत राहूनही संत्रें वर्ज्य करणारीं माणसें आहेत. याला कांहींही आधार नाहीं. संत्रीं खुशाल खावींत. गाऊटच्या रोग्यानें मात्र मद्य, विशेषतः बीअर, प्राण्यांचें काळीज-मूत्रपिंड व साखरेचीं पेयें टाळावींत. त्यासाठीं वरण सोडण्याचें कारण नाहीं.

श्रोतेहो, इतकीं नांवें एका भाषणांत सांगितल्यावर तीं सर्व ध्यानांत राहतील अशी अपेक्षा मी करीत नाहीं. परंतु उद्यां पहाटे घरांत कोणी 'माझे हात वळत नाहींत' असें म्हटलें, तर तिच्यावर रागावूं नये आणि तेलाच्या बाटलीकडेही धांवूं नये. आधीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावें, आणि हात मोकळे होईपर्यंत किती वेळ गेला तें लिहून ठेवावें. तो कांटा रोजच एक तास ओलांडीत असेल, तर त्याच आठवड्यांत तिला डॉक्टरांकडे घेऊन जावें.